खांद्याच्या मापाचा घोडा

रविवार, नऊ फेब्रुवारी, सकाळी दहा वाजून पाच मिनिटे. काकूंचा उजवा हात, जमिनीपासून अठ्ठ्याहत्तर सेंटिमीटर. ही माझी पहिली नोंद. विकत घेण्याचा इतका तिटकारा असलेला माणूस साऱ्या उपनगरांत दुसरा नसावा, हे समोरच्या घरातल्या काकांविषयीचे माझे मत मात्र त्याच्या कितीतरी आधीचे आहे.

विक्रोळीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालेले हे गृहस्थ दुकानात जातात ते वस्तू पाहायला. ती कशी केली आहे हे समजून घेतात, दुकानदाराचे आभार मानतात आणि घरी येऊन तशीच, पण दुप्पट वजनाची, बनवतात. त्यांचा चपलांचा स्टँड हलवायला तीन माणसे लागतात. स्क्रू हिंगाच्या डब्यांत मापवार ठेवलेले असल्यामुळे त्यांच्या हातच्या प्रत्येक वस्तूला फोडणीचा वास येतो. आणि तयार झालेली प्रत्येक वस्तू ते स्वतः तिच्यावर बसून तपासतात. त्यातून पुस्तकांची मांडणीही सुटलेली नाही.

काकू शाळेत चित्रकला शिकवत असत. गेल्या वर्षी त्यांचा खांदा आखडला. हात कमरेच्या वर जाईना, टेबलावर पुढे सरकेना. एके दिवशी त्यांनी रंगांचा डबा माळ्यावर टाकायला सांगितला. काकांनी तो टाकला नाही. कुणीतरी काढून टाकलेल्या खिडकीच्या सागवानी चौकटीतून त्यांनी चित्राचा बोर्ड टेकवायला तीन पायांचा घोडा उभा केला. ‘ईझल’ हा शब्द त्यांना पसंत नाही. मागच्या पायाला जुन्या कपाटाची बिजागरी, पाय फाकू नयेत म्हणून झोपाळ्याची साखळी. यावर बसता येईना, म्हणून तपासायला त्याला पाच किलो तांदळाची पिशवी लटकवली.

“अहो, चित्र काढायचंय, पूल बांधायचा नाही,” काकू म्हणाल्या.

“पूल पडला तर सरकारचा. हा पडला तर माझा.”

बोर्ड ज्या फळीवर टेकतो ती दोन खुंट्यांवर बसते. पुढचे दोन्ही दांडे बोर्डाच्या बरेच वर गेलेले, त्या खुंट्यांसाठी त्यांत भोके मात्र एकाच उंचीवर होती. मी भौतिकशास्त्राची, मला हे अपुरे वाटले.

“काका, दर पाच सेंटिमीटरला एकदाच ड्रिल मारून टाका ना.”

“तू मोठी सायंटिस्ट गं, पण आधीच भोकं पाडली तर ही रंगवायचं सोडून वरच्या भोकांकडे बघत बसेल. तू फक्त माप घे.”

तेव्हापासून दर रविवारी काकूंनी स्टुलावर बसून हात उचलायचा, मी मोजायचे आणि काकांनी त्या हिशेबाने नवी भोके पाडून फळी वर चढवायची. ब्याऐंशी. एक्क्याण्णव. एकशे दोन. काकू रागावत, रडत, रंगवत. खाडीकडची खारफुटी कागदावर आली. तिच्यावर आकाशही येऊ लागले.

मग एकशे नऊ. पुढच्या रविवारी एकशे नऊ. त्याच्या पुढच्याही. खांदा आता एवढाच, असे डॉक्टरांनी सांगितले.

चौथ्या रविवारी मी टेप घेऊन गेले, तर बोर्ड जिथे संपतो तिथेच काकांनी दोन्ही दांडे करवतीने कापून टाकले होते. वर मोकळे लाकूड उरलेच नव्हते.

“टोकं डोळ्यात जायची,” ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

“बरं केलंत,” काकूंनी ब्रश न थांबवता उत्तर दिले.

तुकडे दाराआड उभे होते. टेप हातात होती, म्हणून मी मोजले. दोन्ही तंतोतंत सारखे: बेचाळीस सेंटिमीटर.