उन्हात ठेवलेली घुमटं

आमच्या आरती मंडळाच्या तालमीत घोरपडीचा विषय निघाला, की ताल बाजूला राहतो. प्रत्येकाकडे एक तरी गोष्ट असतेच. कुणाच्या न्हाणीत आली, कुणाच्या माडीवर चढली, कुणाच्या कोंबडीची अंडी फस्त करून गेली. घरात जुनी पितळेची भांडी साठतात तशा या गोष्टी साठत गेल्या. मुद्दाम कुणी आणल्या नाहीत, पण टाकवतही नाहीत.

मी मंडळात कासाळं वाजवतो, म्हणजे मोठ्या झांजा. दुसरं काही जमलं नाही म्हणून! पण कासाळंवाल्याचा एक फायदा असतो. हात आपोआप चालतात आणि डोळे-कान मोकळे राहतात. त्यामुळे सगळे किस्से आपसूक माझ्याकडे जमा झाले.

*

आधी घुमटाचं सांगतो. घुमट म्हणजे दोन्ही बाजूंना तोंड असलेला मातीचा घडा. मोठ्या तोंडावर कातडं ताणून बसवायचं आणि लहान तोंड डाव्या तळव्याने उघडझाप करत वाजवायचं. पूर्वी हे कातडं घोरपडीचं असे. आता कायद्याने बंदी आहे आणि बरंच झालं. आम्ही सगळे शेळीच्या कातड्यावर वाजवतो. फक्त आमचे म्होरके तात्या सोडून. त्यांचं घुमट त्यांच्या वडिलांनी बंदीच्या कितीतरी आधी मढवलेलं. त्याचा आवाज आधी जमिनीतून यायचा आणि मग कानात. कातडं मात्र इतकं विरलं होतं, की उजेडात धरलं तर पलीकडचा हात दिसावा. ते फाटलं तर तात्या वाजवायचं सोडणार, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

पावसाळी हवेत कातडं सैल पडतं. म्हणून श्रावणातल्या तालमींना दुपारी जरा ऊन आलं, की देवळामागच्या चिऱ्यांच्या गडग्यावर, म्हणजे बुटक्या कुंपणभिंतीवर, घुमटं ओळीने तापत ठेवायची, ही आमच्याकडची रीत. गडग्यापलीकडे एक मोठं वारूळ आहे. एका रविवारी घुमटं आणायला गेलो, तर त्या वारुळातली घोरपड गडग्यावर पसरलेली. चांगली हातभर शेपूट खाली सोडून, हनुवटी नेमकी तात्यांच्या घुमटाच्या कडेवर टेकवून, डोळे मिटून.

आमच्यातला सावंत हळूच म्हणाला, "तात्यानूं, तुमच्या घुमटार कोण बसलाहा बघा."

तात्यांनी पाहिलं. म्हणाले, "बसूं दी. आजयेक भेटूंक आयल्या."

कातड्यातल्या आजीला भेटायला आलेल्या नातीला उठवायला कुणीच तयार होईना. आम्ही मंडपात पाय पसरून बसलो. माडांच्या सावल्या सरकत सरकत गडग्यापर्यंत गेल्या, तेव्हा ती उठली आणि आमची तालीम सुरू झाली.

*

सावंत आमचा शामेळवाला, म्हणजे दोन काठ्यांनी वाजवायचं लहान नगाऱ्यासारखं वाद्य त्याच्याकडे. मूळचा दोडामार्गचा. मायनिंगचा टिप्पर चालवायला डिचोलीत आला आणि इथलाच झाला. एकदा भरलेला टिप्पर घेऊन जेटीवरच्या रांगेत उभा होता. आरशात बघतो तर मागे मालाच्या ढिगावर घोरपड. खाणीवरून चढलेली असणार. अंग धुळीने लाल, मान वर, वारा खात बसलेली.

मागच्या ड्रायव्हरांनी तिला पाहिलं आणि एकेकाने हॉर्न देणं बंद केलं. सावंत सांगतो, तशी शांत जेटी त्याने नंतर कधी अनुभवली नाही. नदीचं पाणी बार्जला लागत होतं तेवढाच काय तो आवाज. ती सावकाश खाली उतरली, काठापर्यंत गेली आणि पाण्यात शिरली. लाल रंगाची एक रेघ थोडा वेळ तिच्यामागे राहिली.

"उतराताना वळान बघल्यान," सावंत म्हणतो. "माका वाटला, आता 'येतंय हां' म्हणतली."

*

गुरुदास हा तात्यांचा पट्टशिष्य. तात्यांनी शिंकलं तरी हा ताल धरेल! त्याच्या विहिरीत एकदा घोरपड पडली. सगळा वाडा काठावर जमला. आपण सगळे गड चढणाऱ्या घोरपडीची गोष्ट ऐकून मोठे झालेलो. त्यामुळे पहिली सूचना आली ती दोरी सोडण्याची. ती दोरी धरून वर येईल, असं प्रत्येकाला मनापासून वाटत होतं. दोरी सोडली. तिने दोरीकडे पाहिलं आणि खालच्या कपारीत जाऊन बसली. मग दोरीला गाठी मारल्या, टोपली बांधली, सावंताने तर टोपलीत अंडं ठेवलं. काही उपयोग नाही.

शेवटी गुरुदासची बायको वैशाली बाहेर आली. "तुमी सगळे भितर येयात, च्या घेयात. इतले दादले पळयत रावल्यार कोण वयर येतली?"

इतके पुरुष बघत असताना ती वर येणार तरी कशी, हे पटून आम्ही आत गेलो आणि चहा घेतला. परत येऊन बघतो तर ती धुण्याच्या दगडावर अंग वाळवत पडलेली. टोपलीतलं अंडं जसंच्या तसं होतं. गुरुदासने ते तिच्यासाठी दगडाजवळ नेऊन ठेवलं. माणूस असा आहे, हे पुढच्यासाठी लक्षात ठेवा.

*

गुरुदासची बहीण सुलभा मांद्र्याला राहते. समुद्राजवळ तिच्या चार खोल्या आहेत, त्या ती पाहुण्यांना देते. तिथे एका परदेशी बाईंनी अंगणातल्या घोरपडीचं नाव ठेवलं मार्था. सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा वाजला, की बाई पाव घ्यायला बाहेर येत आणि मार्थाला एक उकडलेलं अंडं देत. बाई गेल्या. दुसऱ्या दिवशी भोंगा वाजला आणि मार्था पायरीवर हजर. सुलभाने दुर्लक्ष केलं, तेव्हा तिने दारातून आत डोकं घातलं. झालं. अंडं सुरू झालं ते झालंच.

ही बातमी कुठून तरी पसरली आणि वनखात्याचे एक साहेब चौकशीला आले. घोरपड पाळणं हा गुन्हा आहे. मार्था व्हरांड्यात आरामखुर्चीखाली झोपली होती.

"ही पाळलेली का?" साहेबांनी विचारलं.

"नाय. रूम घेतल्या तिणें."

"आणि भाडं?"

"उंदीर," सुलभा म्हणाली.

साहेबांनी चहा घेतला, जंगली जनावराला खायला घालू नका असं समजावलं आणि गेले. सुलभाने त्याच दिवसापासून अंडं बंद केलं. मार्था रागावून गेली नाही. भोंगा वाजला की अजून पायरीवर येते, समुद्राकडे तोंड करून बसते आणि पोदेर वळणाआड दिसेनासा झाला की उठते. सुलभा म्हणते, मलाच आता तिच्याशेजारी बसायची सवय झाली आहे.

*

आणि मग ते झालं. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली होती. तालीम रंगात आली होती. तात्यांनी बोट मारलं आणि घुमटातून एक कोरडा, साधा आवाज आला. कातडं कडेपासून कडेपर्यंत उकललं होतं. तात्यांनी घुमट मांडीवर उलटं ठेवलं. गुरुदासने आपलं घुमट पुढे केलं. तात्यांनी दोनदा वाजवून परत दिलं.

"हें बोलता," ते म्हणाले. "घुमना." तो जमिनीतून येणारा नाद शेळीच्या कातड्याला नव्हता.

दुसऱ्या तालमीला ते आले नाहीत. तिसऱ्यालाही नाहीत. त्यांच्याशिवाय आम्ही आरत्या म्हणत होतो, पण सगळ्यांचं लक्ष पायरीकडे. मला तर फार वाईट वाटत होतं. एवढ्या वर्षांत माझी कासाळं चुकली, की ते मान न वळवता नुसती भुवई उचलत. आता चुकलो तरी कुणी भुवई उचलेना.

*

यानंतरचा प्रकार गुरुदासने स्वतः सांगितला, म्हणून कळला. एका दुपारी तो पोतं आणि दोरी घेऊन वारुळापाशी गेला. ज्याने विहिरीतल्या घोरपडीला अंडं दिलं, तोच. कायदा त्याला माहीत होता. पण तात्यांचं घुमट गप्प झालंय, एवढंच त्याच्या डोक्यात.

पोतं गवतावर पसरून तो गडग्याच्या सावलीत बसला. रानात एकही पान हलत नव्हतं. ती बाहेर आली, जीभ काढून इकडेतिकडे हुंगलं. पोत्यावर ऊन पडलं होतं. ती सरळ पोत्यावर येऊन झोपली!

गुरुदास म्हणतो, तिचं पोट वरखाली होत होतं, ते बघता बघता मलाच झोप येऊ लागली. दोरी हातात होती, पण हात उचलेना. असा किती वेळ गेला कोण जाणे. बाजूला कुणीतरी येऊन बसलं. बघतो तर तात्या.

"पोतें कित्याक हाडलंस?" तात्यांनी विचारलं.

"बसूंक."

तात्यांनी दोरीकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. "मगे बसल्या न्हय ती," म्हणाले.

दोघे तिथेच बसून राहिले. ती उठून गेल्यावर तात्यांनी पोतं झटकलं, घडी घालून काखेत मारलं आणि घरी गेले. दोरी गुरुदासने वाटेतल्या ओहोळात टाकली.

*

चवथीला पहिली आरती तात्यांच्या घरी, ही जुनी पद्धत. माटोळी बांधली होती, रानातली फळं गणपतीच्या डोक्यावर लोंबत होती. आतून तळणाऱ्या नेवऱ्यांचा, म्हणजे करंज्यांचा, वास येत होता. तात्या कोपऱ्यात भिंतीला टेकून बसले होते, हात मांडीवर. "तुमी म्हणात, हांव आयकतां," असं त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं.

गुरुदासने त्यांच्या सुनेला विश्वासात घेऊन त्यांचा जुना घडा नेला होता आणि शेळीचं कातडं मढवून आणला होता. आमच्या घुमटांबरोबर तोही अंगणाच्या गडग्यावर ठेवला. खरं म्हणजे त्या दिवशी सकाळपासून ऊन नव्हतं. आभाळ खाली आलेलं, सगळीकडे ओल. पण ठेवायची रीत म्हणून ठेवली.

आरतीची वेळ झाली. घुमटं आणायला गुरुदास गेला आणि तसाच परत आला. आम्ही दारात जमलो. गडग्यावर ती होती. देवळामागचीच की दुसरी, मला सांगता येणार नाही. सगळी घुमटं सोडून तिने अंग एकाच घुमटाला लावलं होतं आणि हनुवटी त्या नव्या कातड्यावर टेकवली होती.

समया लागल्या होत्या. पोरंबाळं भुकेली होती. भटजी घड्याळ बघत होते. कुणी तिला हाकललं नाही. तात्या उठले, धोतर सावरत अंगणात गेले आणि गडग्यापासून जरा लांब उकिडवे बसले. बारीक पाऊस पडत होता. दोघं एकमेकांकडे बघतही नव्हती. मग ती उतरली आणि परसातल्या अळवात शिरली. अळवाची पानं लांबपर्यंत हलत गेली.

तात्यांनी तो घडा उचलला, छातीशी धरून आत आणला आणि गणपतीसमोर आपल्या जुन्या जागी बसले. बाकीची घुमटं आम्ही आणली. सगळी गार आणि सैल. गुरुदास ती तापवायला घेऊन धावत चुलीकडे गेला.

तात्यांनी मात्र तळवा कातड्यावर ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही.

सुनेने विचारलं, "तात्या, तेंय तापोवंक दिवं?"

"नाका," तात्या म्हणाले. "गरम आसा."

आणि माझ्याकडे बघून त्यांनी भुवई उचलली.