देवरे सरांची वडी

सर्व संबंधितांस, आणि ज्यांचा काडीचाही संबंध नाही त्यांनाही, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की नाशिकच्या आमच्या कॉलेजातल्या एका माणसाचे नाव कोरिया, पोलंड आणि ब्राझील येथे नियमितपणे घेतले जाते. कृपया उभे राहावे. बसून राहिलात तरी चालेल. खुद्द तो माणूस कायम बसलेलाच असायचा. तिसऱ्या मजल्यावर, प्रयोगशाळेतल्या भट्टीसमोर, स्टुलावर, हातात गार झालेला चहा.

हे आमचे देवरे सर. सटाण्याकडचे. "कसं काय, सर?" असं विचारलं की डोळे न उघडता म्हणायचे, "शे. चालू शे." मी मराठी शिकवतो, बोलायला मला निमित्त लागत नाही. त्यांना बोलायला दम लागायचा. त्यामुळे आमची मैत्री उत्तम जमली. मी बोलायचो, ते थकायचे.

त्यांची सगळी कीर्ती एका वडीवर उभी होती. जस्ताच्या पांढऱ्या भस्माची, औषधाच्या गोळीएवढी वडी. भट्टीत भाजून मीटरला जोडली की हवेतला अमोनिया ओळखायची. इतरांच्या वड्याही ओळखत, पण सरांच्या वडीचा काटा कितीतरी आधी नाचायचा. त्यावर त्यांनी शोधनिबंध लिहिला, तो परदेशात छापून आला. कॉलेज इतकं हरखलं की भट्टीसाठी स्वतंत्र जनरेटर आणला. त्याआधी आमच्याकडे लाईट मन मानेल तेव्हा जायची आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नसे. दुपार झाली, हे कुणी कुणाला सांगतं का? जनरेटरपुढे नारळ मी फोडला. तिसऱ्या आपटीला फुटला.

मग जगभरचे संशोधक त्या निबंधाचा हवाला देऊ लागले. हवाले वाढले की कॉलेजची श्रेणी वाढते, म्हणून प्राचार्य दर सोमवारी आकडा बघायचे आणि फुलायचे. सर मात्र हवाला देणारा प्रत्येक निबंध छापून घ्यायचे, शेवटपर्यंत वाचायचे आणि एका वाक्याखाली लाल रेघ मारायचे. एकदा मी तो गठ्ठा उचलून चाळला. भाषा वेगवेगळी, पण प्रत्येक रेघेवर मजकूर एकच: देवरे यांनी दिलेल्या कृतीने असा परिणाम आम्हाला मिळाला नाही.

"म्हणजे हे लोक तुमचं नाव घेतात ते…"

"सासू सुनेचं घेते ना, तसं," सर म्हणाले.

प्राचार्यांना त्यांनी हे सांगून पाहिलं. प्राचार्य म्हणाले, "देवरे सर, मोजणारं मशीन आहे. त्याला शिव्या काय आणि ओव्या काय!"

पुढे परदेशातल्या एका संशोधकाने पत्र पाठवून सरळच विचारलं, आकडे मनाने तर भरले नाहीत ना? ते पत्र सरांच्या खिशात घड्यांवर फाटेपर्यंत राहिलं. तेव्हापासून दर गुरुवारी ते तीच वडी भाजू लागले. तेच भस्म, तेच तापमान, तितकाच वेळ. भट्टी लावायला आणि उतरवायला खंडूभाऊ, आमचे चांदवडचे जुने शिपाई. काटा हलायचा, पण चारचौघांच्या वडीसारखाच. वर्षं गेली. सरांचे केस त्या भस्माच्या रंगाचे झाले.

"मी लबाड नव्हतो, एवढं माझं मला कळलं तरी बास," एकदा ते म्हणाले. "रिटायर व्हायच्या आत एक वडी. फक्त एक."

मी विनोद बाजूला ठेवला आणि त्यांचा गार चहा गरम करून आणला. आमच्या स्टाफरूमच्या इतिहासात ही घटना एकमेव असावी.

वडी झाली नाही. निवृत्ती मात्र वेळेवर आली. निरोप समारंभाचं सूत्रसंचालन अर्थातच माझ्याकडे होतं, घसा मी सकाळपासून शेकत होतो. प्राचार्यांनी हवाल्यांचा आकडा दोनदा वाचून दाखवला, दोनदा टाळ्या पडल्या. सर शाल सावरत उठले. म्हणाले, "ज्यांनी माझं नाव घेतलं, त्यांतल्या एकालाही ती वडी जमली नाही. नंतर मलाही जमली नाही. पहिल्यांदा भाजली तेव्हा परीक्षेचे दिवस होते, जनरेटर यायचा होता. भट्टी खंडूभाऊंवर सोपवून मी सुपरव्हिजनला गेलो. परत आलो तर वड्या तयार. तो एकच घाणा. मी खोटं लिहिलं नाही हो. पण ते खरं कसं झालं, माले ठाऊक नई."

आजवर ही सगळी तक्रार इंग्रजीत, कागदावर चालली होती. खंडूभाऊंच्या कानावर ती पहिल्यांदाच मराठीत पडत होती. ते दाराशी पेढ्यांचा ट्रे धरून उभे होते. ट्रेसकट दोन पावलं पुढे आले आणि प्राचार्य, पाहुणे, कुणाकडेही न बघता मोठ्याने म्हणाले,

"ओ सर, त्या दिवशी मधीच लाईट गेलती ना! भट्टी पार कोमट झाली, लाईट आल्यावर मी परत लावली. तुम्ही ते लिहिलंच नाय का?"