भाकरीवरचा शेला

पोळा होऊन आठवडा झाला होता. सोमवारची दुपार. मी मुद्देमालाच्या खोलीत जुन्या गाठोड्यांना नव्या चिठ्ठ्या लावून घेत होते. नोकरीत पुष्कळ गुन्हे पाहिले, बरेचसे विसरलेही. त्या दुपारी सुरू झालेलं प्रकरण मात्र भाकरी कापडात बांधताना अजून आठवतं.

बुलढाण्यात तेव्हा मी सहायक पोलीस निरीक्षक होते. ठाणे अंमलदाराने फोनसाठी हाक मारली. पलीकडचा माणूस नाव सांगायला तयार नव्हता.

"त्या मोबाईलवरच्या डब्यात औषध हाये. तीन पोरी दवाखान्यात पडल्या. पाहून घ्या."

आमच्याकडे औषध म्हणजे कपाशीवर फवारायचं विष. स्टेशन डायरीत नोंद केली आणि निघाले.

मोबाईलवरचे डबे एव्हाना शहरात सगळ्यांना ठाऊक होते. एका मुस्लिम शिंप्याची मुलगी पुण्यातली कॉम्प्युटरची नोकरी सोडून परत आली आणि तिने हे ॲप बनवलं. आसपासच्या गावांतल्या बायका सकाळी काय रांधलं त्याचे फोटो टाकत. कचेरीतले कारकून आणि खोली घेऊन अभ्यास करणारी मुलं-मुली डबे मागवत. त्या वर्षी बीटी कपाशीच्या बोंडांत गुलाबी अळी शिरली होती. शेताचा भरवसा राहिला नव्हता. या बायकांची घरं डब्यांवर चालली होती.

दवाखान्यात तिन्ही मुली शुद्धीवर होत्या. उलट्या थांबल्या होत्या, डॉक्टरांनी धोका टळल्याचं सांगितलं. मी जबाब घेतला.

"भाजी चांगली होती मॅडम," त्यांतली एक म्हणाली. "भाकरीले वास येत होता. आमाले वाटलं रॉकेलचा असंल. भूक लागली होती, खाल्ली अर्धी-अर्धी."

मुलींच्या खोलीचा पंचनामा केला. डबा स्टीलचा, स्वच्छ. आमच्याकडची भाकर ताटाएवढी. ती डब्यात मावत नाही. पांढऱ्या फडक्यात गुंडाळून डब्यावर बांधतात. इथे फडक्यावरून आणखी एक चौकडीचा शेला, शेतकरी खांद्यावर टाकतात तसा, गुंडाळलेला होता. मी तो नाकाजवळ नेला आणि लगेच दूर धरला. माहेर कपाशीचं असलेल्या बाईला तो वास सांगावा लागत नाही.

डबा ज्या बाईचा, ती शहराजवळच्या एका गावात राहत होती. संध्याकाळ होत आली होती. सूर्यास्तानंतर बाईला ठाण्यात बोलवत नाहीत, म्हणून दोन पंच घेऊन आम्हीच गेलो. ॲपवाली मुलगी जीपमध्ये बसली. तिचा फोन थांबत नव्हता. लोक उद्याचे डबे रद्द करत होते.

"मॅडम, एक डबा खराब निघाला आणि सगळ्या बायका खलास," ती म्हणाली. "उद्या कोणी घेतलं नाही तर परवा कोणी रांधणार नाही."

सोबतचे हवालदार म्हणाले, "नवरा-बायकोचं भांडण असंल. बाईनं रागात घातलं."

"राग नवऱ्यावर आणि विष परक्या मुलींना?" मी विचारलं.

बाईचं घर सारवलेलं, भांडी घासून पालथी घातलेली. पिठाचा डबा, पाण्याचा माठ, मसाला, सगळ्याचे नमुने घेतले. त्याच पिठाच्या भाकरी तिच्या मुलांनी खाल्ल्या होत्या आणि मुलं अंगणात खेळत होती. म्हणजे विष चुलीपाशी नव्हतं, वाटेत होतं. आणखी एक गोष्ट खटकली. कपाशीवाल्याचं घर, फवारणीचे दिवस, आणि घरात पंप नव्हता.

"पंप कुठे आहे?" मी तिच्या नवऱ्याला विचारलं. गावातून शहरात डबे तोच मोटारसायकलवर पोचवायचा.

"इकला," तो जमिनीकडे बघत म्हणाला.

बायको पुढे झाली. "मीच इकाले लावला मॅडम. गेल्या साली फवारता फवारता पडले हे धुऱ्यावर. मरता मरता वाचले. तवाच शपथ घेतली यायनं. मी डबे काऊन करतो मंग? हे फवाऱ्याले जाऊ नये म्हनूनच तं."

मी दोघांना समोर बसवलं आणि पिशवीतला शेला ओळख पटवण्यासाठी बाहेर काढला. प्रश्न विचारायची वेळच आली नाही.

"हा तं तुमचा शेला हाये," ती म्हणाली. तिने वास घेतला आणि नवऱ्याकडे वळली. "तुमी दुसऱ्याच्या वावरात फवारून राह्यले?"

"अवं, आपल्या वावरात काय निघते अवंदा? बीटी आलं तवा म्हनत होते, फवारा लागत नायी." तो म्हणाला. "पहाटे दोन-चार पंप मारतो मजुरीनं. पंप त्यायचाच असते."

"आन् शेला डब्याले काऊन?"

"भाकर थंडी आली म्हनून लोकं मोबाईलवर एकच चांदनी देतात ना तुले. गरम राहावी म्हनून वरून बांधला. तोंडाले बांधेल होता, ध्यानातच नायी राह्यलं."

ती म्हणाली, "माह्यावर इख घातल्याचा आळ आला असता. जेलात गेली असती मी."

"म्यां सांगतलं असतं."

"कवा? बेड्या पडल्यावर?"

हात जोडून त्याने पुन्हा सगळं सांगितलं आणि मी जबाब लिहून घेतला. विषारी पदार्थाबाबत हयगयीचा गुन्हा त्याच्यावर नोंदवला. पुढे प्रयोगशाळेचा अहवालही तसाच आला. कोर्टात त्याने गुन्हा कबूल केला आणि दंड भरला.

फोन करणारा शहरातला, डब्यांमुळे गिऱ्हाईक तुटलेला एक खानावळवाला निघाला. त्याला ठाण्यात बोलावून समज दिली. तरी सांगायला हवं, त्याची खबर खोटी नव्हती, अर्धी होती. खबर बहुतेक वेळा अर्धीच असते. उरलेली अर्धी आपल्या संशयाने भरली की निरपराध माणूस आत जातो. आणि संशयित गप्प असला म्हणजे त्याला पोलिसांचीच भीती आहे असंही नाही. हा माणूस घरी मोडलेल्या शपथेला भीत होता. तेव्हापासून मी गप्प माणसाला आधी विचारत आले, घरी कोणाला काय सांगितलं आहेस?

त्या संध्याकाळी गावातून निघताना ॲपवाली मुलगी त्या बाईजवळ गेली. "खाला, उद्या रांधणार ना?"

"कोन खाईन?"

"आधी रांधा तर. अब्बा आज बसून लाल काठाची फडकी शिवतील. भाकर त्यातच जाईल, ते फडकं वावरात जाणार नाही. आणि डबे मी नेईन."

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी झाल्यावर मी ॲप उघडलं. त्या बाईच्या नावापुढे पातोडीची भाजी आणि ज्वारीची भाकर होती. पूर्ण ठाण्यासाठी मागवली. माझ्या केबिनमध्ये नाही, ठाणे अंमलदाराच्या टेबलावर, तक्रार घेऊन आलेल्या माणसांसमोर ठेवली. हवालदारांनी आधी लाल काठाचं फडकं हुंगलं.

"साबणाचा वास येऊन राह्यला," ते म्हणाले.

"मग बसा," मी म्हटलं आणि पहिली भाकर मोडली.