वाळणारी अंडी

मी उंब्रजजवळच्या एका हॅचरीत काम करते. मशिनमध्ये अंडी उबवून पिल्लं काढायची, एवढंच ते काम. पण आमच्या आत्यांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, ते कधी पटलं नाही. आत जाण्याआधी आम्हाला अंघोळ करावी लागते हे कळल्यावर त्या आठवडाभर हसत होत्या. कोंबडी कधी अंघोळ करून अंड्यांवर बसली होती, असा त्यांचा सवाल.

गेल्या भाद्रपदात उसातून बिबट्या आला आणि खुराडं रिकामं करून गेला. माहेराहून आणलेली ती उघड्या मानेच्या कोंबड्यांची जात आत्यांनी लग्नापासून सांभाळली होती. आता उरली होती फक्त ज्वारीत ठेवलेली डझनभर अंडी, आणि ती उबवायला खुडूक कोंबडी नव्हती. आत्यांनी टोपली माझ्यापुढे सरकवली. आमचे मालक गावची अंडीही उबवून देतात, त्यामुळे अडचण आली नाही.

या कामात मला अजूनही नवल वाटतं ते दमटपणाचं. अंडं आतून हळूहळू वाळावं लागतं. पाणी उडालं की बोथट टोकाला हवेची पोकळी वाढते, आणि कवच फोडण्याआधी पिल्लू पहिला श्वास त्या पोकळीतच घेतं. हवा फार दमट राहिली तर पोकळी लहान राहते आणि भरलेलं पिल्लू आतच गुदमरतं. म्हणून आम्ही अंड्यांचे ट्रे मधूनमधून तोलतो. पहिल्या खेपेला वजन जरा उतरलं, तसं मी घरी मोठ्या तोऱ्यात सांगितलं. आत्यांचा घास हातातच राहिला.

"हलकं हुतंय म्हंजी जीव सुकाय लागला की गं. बाळंतपनात कुनी हलकं हुतं व्हय?"

मी समजावलं. त्यांना पटलं की नाही कोण जाणे, पण दुसऱ्या दिवसापासून मी दारात चप्पल काढायच्या आत विचारायच्या, आज वाळली का?

वाळत नव्हती. पाऊस उघडायचं नाव घेत नव्हता आणि मशिनमध्ये येणारी हवाच ओली होती. मशिनमधला पाण्याचा फवारा बंद केला, खोलीतलं हवा सुकवायचं यंत्र चालू ठेवलं, तरी वजन मनासारखं उतरेना. हजारो अंड्यांची काळजी माझ्या अंगवळणी पडली आहे. या डझनाने मात्र माझी झोप उडवली. दिव्यावर धरून पाहिली तेव्हा चार न फळलेली निघाली. उरलेल्या आठांची पोकळी जेमतेम होती.

शेवटच्या तीन दिवसांत सगळा कारभार उलटा. आता भरपूर ओलावा लागतो, नाहीतर कवचाखालचा पडदा वाळून पिल्लाला चिकटतो. अडलेलं पिल्लू दिसलं तर नखाने कवच सोलून त्याला हात दे, असं आत्यांनी बजावून ठेवलं होतं. पण दार उघडलं की वाफ निघून जाते आणि बाकीची अडकतात. मी काचेला नाक लावून उभी राहिले, दार उघडलं नाही.

सात निघाली. मी खोकं घरी आणलं, तर आत्यांनी त्यात धड पाहिलंसुद्धा नाही. आठवं कुठाय, म्हणाल्या. त्या विचारणार हे ठाऊक होतं, म्हणून ते अंडंही मी पिशवीत घेतलं होतं. आत्यांनी पायरीवर बसून ते नखाने सोललं. आत पुरं वाढलेलं पिल्लू होतं, उघड्या मानेचं. कवच त्याने कुठेच टोचलं नव्हतं, पण पोकळीकडचा पडदा चोचीने फाटलेला.

"ह्येनं श्वास घेतला हुता का गं?"

"घेतला, आत्या. तिथंवर पोचलं होतं."

त्यांनी ते पदराच्या टोकावर ठेवलं आणि बोटाने त्याची मान पुसली. मला रडू आवरेना. तेवढ्यात पलीकडच्या काकू कुंपणाशी आल्या आणि किती पिल्लं झाली म्हणून विचारू लागल्या.

"आठ झाली," आत्या म्हणाल्या. "एक गेलं."