बाबांचा डावा डोळा

भोसरीच्या आमच्या कंपनीत मी क्वालिटीला आहे. मशीनवरून आलेला पार्ट हातात घेतला की मला चूक आधी दिसते, पार्ट नंतर. ज्यानं पार्ट बनवला त्यानं तो पास करायचा नाही, हा आमच्याकडचा पहिला नियम. नव्या पोरांना तो मीच शिकवते. आणि कंपनीत कोणी रिटायर झालं की त्याचं पेन्सिलचं चित्र काढून, फ्रेम करून द्यायचं, हा मानही माझाच. इतकी वर्षं दुसरं कोणी काढणारं नव्हतंच.

मग लातूरची ती पोरगी आमच्या डिपार्टमेंटला आली. स्टोअरचे काका रिटायर होणार होते. मी त्यांचं चित्र काढायला घेतलं, तर हिनंही घेतलं. तुला कोणी सांगितलं होतं गं? वर डब्याच्या सुट्टीत माझ्यापुढे कागद धरून उभी. "ताई, काय चुकलंय बघा ना."

मला काय, लगेच दिसलं. "कान खाली आलाय. आणि ही हनुवटी काकांची आहे का कुठल्या पैलवानाची?" चांगलं चारचौघांत सांगितलं. पोरगी हसली, खोडलं आणि दुसऱ्या दिवशी परत हजर. अशी तीनदा आली. दर वेळी तिच्या कागदावर काका आणखी काकांसारखे दिसायला लागले आणि माझ्या पोटात आणखी दुखायला लागलं. जळले मी, सरळ सांगते. माझ्या मुलीच्या वयाची पोर, पण जळले.

निरोपाच्या आदल्या दिवशी मी माझं चित्र पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं. म्हटलं, बघू दे हिला काम कसं असतं ते. तिनं मोबाईलवर त्याचा फोटो घेतला, आरशात दिसतो तसा उलटा केला आणि गुपचूप माझ्यापुढे धरला. डावा डोळा वर चढलेला, सगळा चेहरा एका बाजूला घसरलेला. महिनाभर रोज बघत होते की मी, तेव्हा कुठं गेला होता हा डोळा?

"रोज बघून नजर सरावते, ताई," ती म्हणाली. "माझंही तसंच होतं. म्हणून तर तुम्हाला दाखवत होते."

"तुझा मोबाईल खराब आहे," म्हटलं आणि चित्र पिशवीत कोंबलं.

घरी आले आणि चपला काढल्या न काढल्या तोच भिंतीवरचं बाबांचं चित्र उतरवलं. ते गेल्यावर मीच काढलेलं. आईनं त्यांचा फोटो काढून त्या जागी हे लावलं होतं. कपाटाच्या आरशासमोर धरलं. तोच डावा डोळा, तसाच वर.

आई मेथी निवडत बसली होती. "ते पहिल्यापासून तसंच आहे की," म्हणाली.

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस कधी?"

"उद्याच नीट करते."

"राहू दे आता. खरा चेहरा आठवायला गेलं तरी मला तुझं चित्रच पुढं येतं."

चित्र परत खिळ्याला लावलं आणि मेथी निवडायला बसले.

दुसऱ्या दिवशी निरोपाला काकूही आल्या होत्या. फ्रेम एकच होती. मी पोरीचं चित्र मागून घेतलं, कान तपासला, हनुवटी तपासली. देवा, एक तरी चूक सापडू दे, असं अगदी मनापासून म्हटलं. नाही सापडली. माझ्या हातानं ते फ्रेममध्ये घातलं. काकूंनी एकदा फ्रेमकडे बघितलं, एकदा नवऱ्याकडे, आणि म्हणाल्या, "अगं बाई, हेच की हे!" टाळ्या पडल्या, सगळ्या तिला. माझ्या अंगाची नुसती आग होत होती.

पोरगी हळूच जवळ आली. "ताई, तुमचं का नाही दिलं?"

"पास झालं नाही," मी म्हटलं.