मनगटावरचा पांढरा पट्टा

मला शाळेत परत घातलं ते ज्ञानूतात्यांनी. हे आधी लिहिते, कारण पुढचं सगळं त्यांच्याच अंगणात घडलं.

तात्या आमच्या वरकुट्यातले, शेजारचे. सातवीनंतर मी घरी बसले होते. काही वर्षांनी त्यांनीच सतरा नंबरचा फॉर्म आणला, मला बाहेरून दहावीला बसवलं. इंदापूरला परीक्षेला सायकलवर डबलसीट नेलं. वर्गात जाताना स्वतःचं चावीचं घड्याळ माझ्या हाताला बांधलं. पट्टा ढिला, घड्याळ कोपरापर्यंत जायचं. "टायम बघून लिव्ह. घाबरायचं न्हाय," म्हणाले. तिथून मी बारामतीच्या कॉलेजात गेले, आणि पुढं थेट परराज्यात, कलेच्या इतिहासाच्या एम. ए.ला.

दुसऱ्या वर्षी म्युझियममध्ये ट्रेनिंग असतं. वस्तू मिळवायची, फोटो काढायचा, खालची पाटी लिहायची. मेंढपाळांवर नवं दालन निघणार होतं. आमचे सर मूळचे महाराष्ट्रातलेच. म्हणाले, "तुझ्याच गावाला जाऊ." मला किती आनंद झाला! जीप करून सगळा वर्ग आला.

आमच्यासारखीच तात्यांचीही मेंढरं जाऊन बरीच वर्षं झालेली. कॅनॉलच्या पाण्यावर वांगी, दोडका करतात. पाहुणे येणार म्हणून त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातलेला, मनगटावर तेच घड्याळ. माळ्यावरची घोंगडी, लोकर कापायची कातर, सगळं झटकून खाटेवर मांडलेलं.

"घिऊन जा सायेब. आमच्या पोरीचं काम हाय."

सरांनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"असं नाही चालणार, बाबा. कारखान्याचे चेअरमन दिसताय! शर्ट काढा. घोंगडी उघड्या अंगावर घ्या. आणि ते घड्याळ काढा."

"घड्याळ का वं? चोरीचं न्हाय त्ये."

सगळे हसले. तात्याही हसले. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. माझे मार्क सरांच्या हातात आहेत, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पण कळलं होतं. त्यांनी शर्ट काढला. दारात उभी असलेली सून आत निघून गेली. घड्याळ काढून त्यांनी कट्ट्यावर ठेवलं. उन्हानं रापलेला हात, आणि मनगटावर पट्ट्याएवढी कातडी पांढरी.

फोटो निघाला.

मग सर माझ्याकडं वळले. "तूही बस. ह्यांच्या सुनेचं एखादं लुगडं नेसून ये. हातात कातर धर."

"सर, मी पाटी लिहायला आलेय. मी विद्यार्थिनी आहे."

"अगं, तुम्ही तेच ना? मग लाजायचं काय?"

कुठल्याच सरांना मी कधी नाही म्हटलं नव्हतं. बसायला जागा दिली तरी आभार मानणारी मी. पण तोंडातून आलं, "न्हाय बसणार." असंच आलं, घरच्यासारखं. कट्ट्यावरचं घड्याळ उचललं आणि तात्यांच्या मनगटाला बांधायला लागले. बकल घट्ट लावलं.

"आता काढा फोटो, सर."

सरांनी कॅमेऱ्याला टोपण लावलं. "तुला वस्तूपासून लांब राहता येत नाही. हा विषय तुझा नव्हे."

वस्तू. म्हणजे तात्या.

ट्रेनिंगमध्ये मी नापास. आता हितं, घरापासून लांब, तेच वर्ष पुन्हा करतेय. काढून टाकतील ही भीती रोज वाटते. म्युझियममध्ये शिरताना रोज तो फोटो दिसतो. उघडे तात्या. पांढरं मनगट. खाली पाटी: 'मेंढपाळ, पश्चिम महाराष्ट्र'. नाव नाही. लोक काचेला नाक लावून बघतात.

दिवाळीला गावी गेले तर तात्यांनी विचारलं, "लागला का गं फोटू? कसा दिसतुया मी?"

मी मान खाली घातली. ते काय समजायचं ते समजले. "आसूं दे," म्हणाले, आणि वांग्यांना पाणी द्यायला गेले.

असू दे नाही, तात्या. मी पास होणार. त्याच म्युझियममध्ये नोकरी धरणार. तो फोटो माझ्या हातानं उतरवणार आणि दुसरा लावणार, इस्त्रीच्या शर्टातला. खाली तुमचं पूर्ण नाव, 'बागायतदार, वरकुटे'. तुमचं घड्याळ घालून मी दहावीचा पेपर लिहिला, त्याची फेड एवढीच. तोवर ते हातातून काढू नका. कुणीही सांगितलं तरी.