गोठ्यामागची माती

माती तपासणीच्या प्रयोगशाळेत त्या एकवीस वर्षं मदतनीस आहेत. खोल्या दोनच. एकीत नमुने सावलीत वाळतात, दुसरीत ते कुटून, चाळून तपासले जातात. नखांत कायम माती, म्हणून सहकारी त्यांना मातीताई म्हणतात.

त्यांच्या थोरल्या भावाचा गहू चार वर्षं घसरत होता. अठरा पोत्यांच्या शेतात अकरा. दाणा भरायच्या वेळीच ऊन तापायचं आणि दाणा सुरकुतायचा. त्याने माती तपासायला पाठवली. मातीताई तेव्हा रजेवर होत्या. अहवाल आला: उत्तम. म्हणजे दोष उन्हाचाच, त्याला आपण काय करणार, असं म्हणून त्याने शेतातली वरची फूटभर माती वीटभट्टीवाल्याला द्यायचं ठरवलं. ती गेली की शेत संपलं, हे मातीताईंना पक्कं ठाऊक होतं.

त्यांनी उरलेला नमुना काढून पाहिला. काळाभोर, भुसभुशीत, त्यात शेणाचे तुकडे. लगेच फोन लावला.

“दादा, ही माती कुठली?”

“शेतातलीच. गोठ्यामागची.”

“अख्खं शेत सोडून गोठ्यामागचीच?”

“तुझ्या ऑफिसात जाणार म्हटल्यावर चांगली नको द्यायला? चारचौघांत तुझं नाक कापलं गेलं असतं!”

“अरे, ताप तुला आणि डॉक्टरकडे पैलवानाला पाठवतोस?”

रविवारी त्या स्वतःच गेल्या. नागमोडी चालत दहा ठिकाणी वीतभर खणलं. भाऊ घमेलं घेऊन मागे, पुटपुटत. या वेळी सेंद्रिय कर्ब, म्हणजे मातीचा कस, अगदी तळाला निघाला. दर वर्षी कापणीनंतर उरलेलं काड जाळून माती निःसत्त्व झाली होती. पाणी धरत नव्हती, त्यामुळे उन्हाचा तडाखा दुप्पट बसत होता.

“उन्हाचं मला काही करता येत नाही. मातीचं येईल. तीन वर्षं दे.”

“आणि भट्टीवाल्याला काय सांगू?”

“बहीण भांडकुदळ आहे म्हणून सांग.”

काड जाळणं थांबलं. ते शेतातच गाडलं, वर शेणखत घातलं, पेरणी दोन आठवडे अलीकडे आणली. पहिल्या वर्षी काडीचाही फरक पडला नाही. भावाने महिनाभर अबोला धरला. तिसऱ्या वर्षी चौदा पोती झाली. अठरा नव्हेत. ऊन वाढतंच आहे.

मातीताईंना चौदाचंही अप्रूप आहे. “आभार मीच मानते दादाचे,” त्या म्हणतात. “अहवाल लोक घडी घालून खिशात ठेवतात. आमच्या घरात तर धाकटीचं कोणी ऐकतच नसे. याने पहिलं वर्ष वाया जाऊनही ऐकलं.”

दादा शेजारीच होता. “ऐकतो कसला! हिच्यापुढे कोणाचं चालतं?” तो म्हणाला, आणि बियाण्याचं पोतं खांद्यावर टाकून पेरणीला निघाला.